चार राजे कमी

दाभोळच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत दोघी जणी पत्ते खेळत होत्या. हवालदार अख्खा डाव बघत उभा राहिला.

"बाई, चारी राजे कुठायत?"

"जाळले. परवा बाजारात विलायती कापडाची होळी झाली, तिच्यात टाकले."

"कोणी?"

"मी. तुळसा."

"नवऱ्याचं नाव सांग."

"ते मी घेत नाही. आणि राजे मी जाळलेत, त्यांनी नाही."

"मग सगळा कॅटच का नाही जाळलास?"

"बाकीच्या पानांनी आमचं काय वाकडं केलंय?"

"आत घालीन!"

"घाला. पत्ते घेऊनच येते. मालन, पिस गो."

"अगं, पण राजाशिवाय कसला डाव तुमचा?"

"परवापासून खेळतोय, हवालदार. अजून कुणाला त्याची आठवण झाली नाही."