तिसऱ्या डावातलं थांबणं

(उत्तर जपानमधलं एक बर्फाळ गाव. इसोबे घराण्याची तालीम, सकाळी. तामाकी, तिची आई फुसाए, आणि तामाकीच्या वडिलांचे थोरले शिष्य कुरामोतो.)

तामाकी : भिंतीवर खिळे एकोणीस. त्यांवर शिकणाऱ्यांच्या नावांच्या पाट्या उरल्या सात. त्यातली एक बाबांची, एक माझी. उरल्या पाच. तुमची मी धरली नाही, कुरामोतोकाका. ती तुमच्या हातात आहे.

कुरामोतो : धरूही नकोस. ती घरी न्यायलाच आलोय.

तामाकी : चहा तरी घ्याल?

कुरामोतो : वहिनींच्या हातचा घेईन. वारसदाराच्या हातचा नको.

फुसाए : मीच करते हो, भावजी. हिला पाणी उकळता येतं, तेवढंच.

तामाकी : पाटी का उतरवलीत, ते एकदा माझ्या तोंडावर सांगा.

कुरामोतो : सांगतो. रविवारी देवळात, अख्ख्या गावासमोर, तू घराण्याचा तिसरा डाव न थांबता करणार आहेस.

तामाकी : ‘करणार’ असं नाही म्हणाले, ‘तपासणार’ म्हणाले. बाकीचं गावानं जोडलं.

कुरामोतो : तपासायचं काय त्यात? समोरून तलवार येते. आपण गुडघा वाकवतो, एक श्वास थांबतो, मगच आत शिरतो आणि मनगटावर काठी. चौतीस वर्षं मी गुरुजींसमोर तलवार धरली. थांबल्यावाचून ते एकदाही आत आले नाहीत. ते थांबणं काढलंस तर उरली नुसती मारामारी.

तामाकी : त्या थांबण्याला तुम्ही नावही दिलंय.

कुरामोतो : ‘बर्फाची वाट पाहणं.’ नव्या मुलांना मी त्यावर अर्धा तास सांगतो.

फुसाए : पाऊण तास. आत भांडी घासताना मला सगळं ऐकू येतं.

तामाकी : आई, बाबा गेल्यावर तू मला जे सांगितलंस ते यांना सांग.

फुसाए : त्यात सांगण्यासारखं काय आहे? हे छपरावरचा बर्फ उतरवायला चढले आणि बर्फाबरोबर स्वतःही उतरले. उजव्या गुडघ्यातलं काहीतरी तुटलं. ही तेव्हा पोटात होती. डॉक्टर म्हणाले, यापुढे वाकाल ते सावकाश. भावजी, तुम्ही शिकायला आलात ते तो बर्फ वितळल्यावर.

कुरामोतो : गुरुजींचा गुडघा दुखायचा, हे मला ठाऊक आहे. डावाशी त्याचा काय संबंध?

फुसाए : लग्नाआधी मी ह्यांना पहिल्यांदा पाहिलं ते देवळातच, हाच डाव करताना. तलवार खाली येईस्तोवर हे आत! मधे श्वासबीस काही नाही. थांबले असते तर मी कशाला भाळले असते?

कुरामोतो : वहिनी, राग मानू नका. लग्नाच्या वयातल्या मुलीला काय दिसलं, त्यावर घराण्याचा डाव बदलायचा?

तामाकी : नाही, तेवढ्यावर नाहीच. म्हणून तर शाई आणलीये.

कुरामोतो : शाई कशाला?

तामाकी : तुमच्या लाकडी तलवारीच्या धारेला लावायची. तुम्ही मारा. मी एकदा थांबून करते, एकदा न थांबता. डाग कुठे पडतो ते बघू.

कुरामोतो : तू शिकवतेस त्या शाळेतली प्रयोगशाळा नाही ही, पोरी.

तामाकी : तिथे चुकलं तर काच फुटते. इथे मी कुणाच्या तरी लेकराला सांगणार, असं कर, मान वाचेल. ती वाचते का, हे मला नको कळायला?

कुरामोतो : आणि थांबून वाचलीस तर?

तामाकी : तर रविवारी थांबेन. जन्मभर थांबेन. तुमचा पाऊण तासही ऐकेन, रोज.

फुसाए : आणि तो पांढरा अंगरखा घालून? ही शाई सात पाण्यांतून जात नाही.

तामाकी : पांढराच हवा, आई.

कुरामोतो : बरं. आधी थांबून. ये.

तामाकी : ...काका, हा फटका नव्हता. पंख्यानं वारा घातलात.

कुरामोतो : नेहमीसारखाच मारला.

तामाकी : तुमची तलवार वरच थांबली. मी गुडघा वाकवला, तुम्ही वाट पाहिलीत. मी हलले, मग तुम्ही खाली आलात.

कुरामोतो : शक्य नाही.

फुसाए : थांबली, भावजी. मीही बघितलं.

कुरामोतो : गुरुजी हलल्याशिवाय माझा हात खाली यायचाच नाही. मला वाटायचं, आमची लय जुळलीये.

फुसाए : लय कसली! त्यांचा गुडघा सांभाळत होतात तुम्ही. मला म्हणायचे, कुरामोतो समोर असतो म्हणून मी अजून तालमीत उभा आहे.

तामाकी : आणि आम्हाला कधी सांगितलं नाही.

फुसाए : तुझे बाबा? चालताना काठी घ्या म्हटलं तर चार दिवस अबोला धरायचे.

कुरामोतो : मग मी इतकी वर्षं मुलांना काय शिकवलं?

तामाकी : ते नंतर बघू. आता खरं मारा. मी थांबणार आहे.

कुरामोतो : लागेल.

तामाकी : लागू दे.

फुसाए : अगं बाई! गळ्याच्या पट्टीवर काळा ओरखडा. मानेपासून दोन बोटं!

कुरामोतो : हात वर कर. होतोय?

तामाकी : होतोय. दुखतोय, पण होतोय. पुन्हा शाई लावा.

कुरामोतो : पुरे. कळलं मला. हरलो मी, झालं?

तामाकी : तुमच्या हरण्याचं काय करू? थांबून जमत नाही, एवढंच कळलंय. न थांबता जमतं, हे कुठे दिसलं? कदाचित तेही खोटं असेल. मग आपल्याकडे तिसरा डावच नाही. तसं असेल तर तेही रविवारच्या आत कळू दे.

फुसाए : त्याच खांद्यावर पुन्हा? हाड आहे ते, मुळा नव्हे!

तामाकी : आई, बाजूला हो. काका, हात आखडू नका. तुम्ही मला सांभाळलंत तर मला कधीच कळणार नाही.

कुरामोतो : गुरुजींसमोर मी कधी—

तामाकी : बाबा नाहीत इथे. मी आहे.

कुरामोतो : तयार आहात?

तामाकी : या.

फुसाए : तामाकी!

तामाकी : हलू नका, काका! जिथे आहात तिथेच. आई, मोजायची पट्टी घे.

फुसाए : माझी शिवणाची आहे.

तामाकी : चालेल. आधी तलवार ते माझा खांदा.

फुसाए : शाई नाही कुठे. मधे... नऊ सेंटीमीटर.

तामाकी : आता काठी ते काकांचं मनगट.

फुसाए : शून्य.