युगोस्लाव्हियावर कोल्हापूरचा गोल

फुटबॉलचं कौतुक मला नका सांगू मर्दांनो. युगोस्लाव्हियाच्या लीगमधल्या गोलकीपरवर आम्ही गोल मारलाय.

ऐंशीच्या दशकात मी दोहात वेल्डर होतो. आमचा फोरमन द्रागन युगोस्लाव्हियाचा. तरुणपणी तिकडच्या पहिल्या डिव्हिजनला गोलकीपर होता. कुठल्याही सालचा चॅम्पियन विचारा, जेवता जेवता सांगायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "तुमच्या इंडियात फुटबॉल आहे का?"

म्हटलं, "इंडियाचं माहीत नाही साहेब, कोल्हापुरात आहे."

झालं, शुक्रवारी मॅच ठरली. कॅम्पातली द्रागनच्या देशाची माणसं एकीकडं आणि आम्ही कोल्हापूरकर एकीकडं. ते सात गोल मारून मोकळे झाले. अगदी शेवटाला आमच्या तानाजी फिटरनं लांबून हाणला आणि बॉल द्रागनच्या हाताखालून आत!

आमच्या पेठेत जिंकल्यावर गुलाल उधळतात. इथं गुलाल कुठला? मेसमधला हळदीचा डबा आणला, तानाजीला खांद्यावर घेतलं आणि कॅम्पभर मिरवणूक काढली.

द्रागन धावतच आला. "अरे, सात-एक! हरलात तुम्ही!"

"साहेब, तुमचे सात कुणावर? वेल्डर-फिटरवर. आमचा एक कुणावर?"

द्रागन हसला आणि गाल पुढं केला. मी हळद फासली.

आता तो देश राहिला नाही, ती लीगही खलास. तिथल्या गोलकीपरवर गोल मारायचा म्हटलं, तर आता जगात कुणाला जमायचं नाही. आमचा मारून झालाय.