बनियनचा खिसा

परदेशात पैसे बदलायच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते.

"काढा नोटा. पाच मिनिटांत खिडकी बंद होईल, आणि टॅक्सीपुरतेही इथले पैसे नाहीत."

"कशा काढू? सकाळी हॉटेलवर तूच बनियनला आतून खिसा लावलास आणि त्याचं तोंडही शिवून टाकलंस."

"परमुलखात जपावं लागतं. चोराच्या हाती लागले का?"

"माझ्याही लागत नाहीत."

"मग उसवा."

"दुहेरी टाके आहेत, नखं तुटली माझी. तूच दातांनी तोड."

"चारचौघांत तुमच्या बनियनला चावू? खिडकीवाल्या बाईंकडे कात्री मागा."

"मागितली. देते म्हणाल्या."

"बघा. माणसं चांगली असतात, तुम्ही उगाच भिता."

"पण मागची कात्री कुणीतरी पळवली म्हणे. परत देईपर्यंत पासपोर्ट ठेवा म्हणतात."

"ठेवा की. त्यात काय एवढं?"

"कुठे ठेवलेस पासपोर्ट?"

"नोटांबरोबरच. सगळं एका जागी असावं म्हणून."

"मग आता?"

"शर्टाची बटणं काढा. आणि कुणी बघत नाही ना, तेवढं बघा."