बिशपच्या बंगल्याचा सातबारा

आमचे बाबा निवृत्त तलाठी. सिंगापूरला माझ्याकडे आले आणि एकच धोशा लावला, "भाड्याच्या फ्लॅटमध्ये किती दिवस काढणार? स्वतःचं घर घे!"

एकदा फिरायला गेलो, तर चर्चच्या बंगल्यात म्हातारे बिशप स्वतः झाडांना पाणी घालत होते. बाबांनी कुंपणावरूनच विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर?"

मी लाजत लाजत ते इंग्रजीत सांगितलं. बिशप हसून म्हणाले, "कायद्याने जमीन बिशपपदाची. मला विकता येत नाही. पद सुटलं की बॅग उचलायची, पुढचे बिशप राहायला येणार."

घरी येताच बाबांनी पुण्याला आईला फोन लावला, "अगं, इथे बिशपसुद्धा नोकरी आहे तोवरच घरात. उगाच घर घे, घर घे म्हणून पोराच्या मागे लागू नकोस!"