थंडी वाजेना म्हणून

दवाखान्याच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. तिचा नवरा, म्हातारा मासेमार, आतून तपासून घेऊन बाहेर आला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"मी ठणठणीत आहे. समुद्रच गरम झालाय."

"त्याला काय धाड भरली?"

"अगं, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर. तो हवेत उष्णता कोंडून धरतो आणि समुद्र ती पोटात घालतो."

"किती पोटात घालेल बिचारा! आणि मला वाटलं, तुमच्या पायांतली जाणीवच गेली. पहाटे पाण्यात उभे राहता आणि कुडकुडत नाही."

"मासेही गेले गार पाण्याकडे. तू मात्र सुटलीस. माझे पाय चोळायला नकोत आता."

"कोण म्हणालं सुटले? जन्माची सवय आहे या हातांना. उद्यापासून खोटं का होईना, कुडकुडत या."