रेषेवरचा चेंडू

जव्हारच्या एसटी स्टँडवर नर्स सुलभा वांगणीला जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर जिवा आणि त्याची लेक बाळी बसले होते; तो तिला घरी न्यायला आला होता. बाळीचे टेनिसचे सामने नुकतेच संपले होते. सुलभाने मान वळवली नाही, पण कान तिकडेच होते.

“हरलीस कशी? तू तं पुढं होतीस!”

“शेवटाला समोरच्या पोरीचा चेंडू रेषेवर पडला, बाबा. रेषेवरचा आत धरतात.”

“पंच बोलला का तसं?”

“पंच नव्हता. आपल्या बाजूचा चेंडू आपणच सांगायचा असतो. मी सांगितलं, आत आहे.”

“तूच सांगितलंस? बाहेर बोलली असतीस तं कोणाला कळलं असतं?”

“मला कळलं असतं ना.”

जिवाने तिची पिशवी आपल्या खांद्याला लावली.

“मग आता खेळ बंद?”

“नाय. सामने घेणाऱ्या संस्थेच्या ताईंनी रविवारी साखरशेतला बोलावलंय, बारक्या पोरांना शिकवायला. गावानं खळं दिलंय, संस्था रॅकेट देणार.”

“हरलेलीला बोलावतात शिकवायला?”

“ताई बोलल्या, मारायला कोणी पण शिकवेल. रेषेचं तू शिकव.”

तेवढ्यात जिवाला घरून बायकोचा फोन आला.

“हां, जिजा. स्टँडवरच हाव. पोर? पोर जिंक…”

तो थांबला. सुलभाने मान वळवली.

“हरली गं पोर. आयक, आज कोंबडा काप.”