ढगाची खालची बाजू

बोईसरच्या स्टँडवर प्रफुल्ल चिंचणीच्या एसटीची वाट बघत होता. चोरून ऐकायची त्याला खोड नव्हती, पण कानांना काही झाकण नसतं. शेजारी सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बसलेली म्हातारी भाचीला फैलावर घेत होती.

“हिमानी, तुज्या उपग्रहानं काल चिंचणीवर सगळीकडे पातळ ढग लिवला? अगो, माज्या अर्ध्या बोंबलांवर कडक ऊन होतं, नि अर्ध्यांवर काळाकुट्ट ढग!”

“मावशी, तो वरून कित्येक किलोमीटरचा चौकोन एकदम बघतो. दाट ढग आणि मोकळं आभाळ मिसळून सरासरी काढतो.”

“अर्धे ओले नि अर्धे सुके बोंबील एका पाटीत भरले, तर पाटी अर्धी सुकली म्हनशील? सगळी कुजते ती!”

“हेच उद्या हवामान खात्यात आमच्या साहेबांना पटवायचंय मला.”

“आमी बोंबील घेताना उलटून बघतो.”

“ढग कसा उलटायचा गं?”

“उलटायचा कशाला? खालच्या बाजूला मी बसलेली हाय ना रोज! तुजा उपग्रह वरून कदी जातो?”

“साडेदहाला.”

“मग साडेदहाला फोन कर. आदी मला इचार, मग लिव म्हनावं त्याला.”